पान चौदा

मित्रांनो, मी एक जुना अंक आहे, भिजून वाळलेला. हातात घेतलंत तर माझी पानं पापडासारखी कुरकुरतील. सांभाळून उघडा. माझ्या पाठीतल्या दोन पिना गंजल्या आहेत, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

'धडधड' नावाचं एक मासिक होतं. पॉप गाण्यांचं, खास मुलींसाठी. आमच्या संपादक नंदिनीताई नव्या लेखकांना बजावायच्या, "हजार जणींसाठी लिहू नका, एकीसाठी लिहा. तिला वाटलं पाहिजे, दार लावून आपण दोघीच बोलतोय." म्हणून माझं प्रत्येक पान 'अगं सखे' म्हणूनच सुरू व्हायचं. मधोमध 'चार चाँद' या बँडमधल्या चार पोरांचं मोठं पोस्टर. चौघांना थेट कॅमेऱ्यात बघायला लावलेलं, त्यामुळे मुलगी खोलीत कुठेही उभी राहो, चौघांची नजर तिच्यावरच. प्रश्नावलीत काहीही उत्तरं द्या, निकाल एकच: 'तू त्याला शोभशील.'

याला कुणी फसवणूक म्हणेल. म्हणोत. आठवीतल्या मुलीला दिवसभर 'हे उचल, ते ठेव, हळू हस' एवढंच ऐकू येतं. 'तुला काय आवडतं गं?' असं तिला मीच विचारत होतो, चकचकीत कागदावर.

सीताबर्डीच्या फुटपाथवरून मला गुंजनने घेतलं आणि नंदनवन वस्तीतल्या आपल्या घरी आणलं. जिन्याखाली बसून ती आणि तिची मैत्रीण रितिका मला वाचायच्या.

"मले तर पहिला आवडते," रितिका म्हणाली. "दात पाह्य ना त्याचे!"

"दात काय पाहून राहिली वं? दाताची डॉक्टर आहे का तू? माझा तिसरा."

तिसरा म्हणजे विहान. त्याच्याविषयी मी लिहिलं होतं, 'तो लाजाळू आहे. पण स्वतःच्या आवाजात गाणारी मुलगी त्याला फार आवडते.' या ओळीवरून गुंजनचं बोट इतकं फिरलं, की तिथली शाई फिकट झाली. आणि एक दिवस ती गायला लागली. आधी जिन्याखाली, मग गच्चीवर कपडे वाळत घालताना, मग थेट स्वयंपाकघरात. नव्या माठातून पाणी झिरपावं तसा तिचा आवाज. आधी थेंबथेंब, मग सगळा माठच ओला. तिची आई, पुष्पलताबाई, पोळी लाटता लाटता थांबायची आणि ऐकत राहायची.

मग मे महिन्यातला तो रविवार आला. घरात पाहुणे, पानात आमरस. गुंजनचा चुलतभाऊ जितेंद्र त्याच घरात राहायचा. मिहानमधल्या एका कंपनीत नुकताच लागला होता. गुंजनच्या उशीखालून त्याने मला काढलं आणि पंगतीसमोर उभा राहून बायकी आवाजात वाचायला लागला.

"'अगं सखे, तो फक्त तुझ्यासाठीच गातोय!' ऐका गा सारे! आमच्या गुंजनसाठी गाऊन राहिला म्हणे!"

"दादा, दे ना!"

"देतो ना. पण त्याले तुझं नाव तरी माहीत आहे का वं? आन् तूबी गाते म्हणे. गाय बरं, आम्हीबी ऐकतो!"

पाहुणे हसले. तिचे बाबा, नत्थूजी, सगळ्यांत मोठ्याने हसले, रसाने भरलेला हात तसाच वर धरून. जितेंद्रने पेन काढलं आणि माझ्या चारही चाँदांना मिशा काढल्या. "आता दिसते कसे जावई!" मग मला दुमडून त्याने आपल्या खोलीत नेलं आणि कूलर आणि खिडकी यांच्या मधल्या फटीत कोंबलं. "हवा बाहेर जाऊन राहिली होती. काही तरी कामाचा निघाला हा."

त्या दिवसापासून गुंजनचं गाणं बंद झालं. पुष्पलताबाईंचं लाटणं सवयीने थांबायचं, पण ऐकायला काही नसायचं.

मित्रांनो, कूलरच्या वाळ्याचं पाणी अंगावर ठिबकत असताना मी एकच गोष्ट मनाशी धरली. याची परतफेड झालीच पाहिजे.

आणि परतफेड तो स्वतःच माझ्या हाती देऊन गेला. चार दिवसांनी घरात कुणी नसताना जितेंद्रने मला फटीतून ओढलं. चाळलं. एका पानावर थांबला. पान चौदा: 'विहानसारखे केस, घरच्या घरी.' त्याने दार लावून घेतलं, ते पान फाडलं, आरशामागे लपवलं आणि मला पुन्हा फटीत ठोसलं. मग रोज सकाळी ऑफिसच्या आधी तो आरशासमोर उभा. पान काढायचा, बघायचा, केस ओले करून डाव्या भुवईवर वळवायचा. पाऊस लागेपर्यंत केसांना झकास वळण आलं.

"काय स्टाईल आहे गा जितू!" नत्थूजी म्हणाले.

"माझी ओरिजनल आहे, काका."

मी फटीत दातओठ खात होतो. पण त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. पिनेच्या अंकातलं एक पान फाडलं, की पलीकडचं त्याचं जोडीचं पान सुटं होतं. मी ते सुटं पान जपून धरून ठेवलं.

पुढे भुलाबाईचे दिवस आले. आमच्याकडे या दिवसांत मुली संध्याकाळी मातीच्या भुलाबाईपुढे गाणी म्हणतात, सासरच्या-माहेरच्यांची नावं घेऊन टिंगल करतात, आणि शेवटी झाकल्या डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. या गाण्यांवर रागवायचं नसतं. कूलर काढायची वेळही तीच. फट साफ करायला गुंजन आली आणि तिने मला ओढलं. मी सुटं पान सोडून दिलं.

त्यावर विहानचा फोटो होता, खाली ओळ: 'असे केस हवेत? पाहा पान १४.' गुंजनने शोधलं. बारानंतर एकदम पंधरा. आरशासमोर जितेंद्र भुवईवरची बट सारखी करत होता, आणि आरशामागून कागदाचं एक टोक डोकावत होतं. तिने फोटो पाहिला, त्याला पाहिलं. मे महिन्यानंतर ती पहिल्यांदा हसली, आवाज न करता. तो बाहेर जाताच तिचा हात आरशामागे गेला.

कोजागिरीला तेच पाहुणे दूध प्यायला जमले. मुली भुलाबाईपुढे बसल्या. गुंजनने डबा जितेंद्रच्या हातात दिला. "ओळख दादा."

त्याने डबा हलवला. आवाजच नाही. "काय वं हे? हवा भरली का?"

गुंजनने गाणं उचललं. तिचा आवाज ऐकून पुष्पलताबाईंच्या हातातला दुधाचा पेला वाटेतच थांबला.

दादाच्या केसाले वळण कोणाचं?
मामाचं नाही बाई, काकाचं नाही,
वळण कोणाचं बाई, वळण कोणाचं?

"उघड ना गा!" रितिका ओरडली. त्याने झाकण काढलं. आत घडी घातलेलं पान. साऱ्या मुली एका सुरात म्हणाल्या:

पान चौदाचं बाई, पान चौदाचं!

पान हातोहात फिरलं. पाहुणे हसून लोटपोट झाले. जितेंद्रचा हात कपाळावर गेला, पण बट काही झाकेना.

"बंद कर ना वं आता," तो हळूच म्हणाला.

"तू थांबला होता का?"

तिने ते कडवं पुन्हा म्हटलं. नत्थूजी पोट धरून हसत होते. गुंजन त्यांच्याकडे वळली.

रसानं भरला हात कोणाचा?
हसला तो बाई, बाप कोणाचा?

या ओळी एकाही मुलीने उचलल्या नाहीत. नत्थूजींचं हसू तिथल्या तिथे विझलं. ते आपल्या हाताकडे बघत राहिले.

"गाय गुंजन," पुष्पलताबाई म्हणाल्या. "थांबू नको."

ती थांबली नाही. अजूनही थांबलेली नाही. जितेंद्र दुसऱ्याच दिवशी केस बारीक करून आला. पान चौदा तिने डिंकाने मला परत चिकटवलं. मिशा मात्र पुसल्या गेल्या नाहीत, आणि त्या पुसल्या जाव्यात असं मलाही वाटत नाही.

मित्रांनो, अंकांना पाण्यापासून जपा. पानं फाडू नका. आणि जिन्याखाली कुणी मुलगी एखाद्या कागदावरच्या पोरासाठी गात असेल, तर पाय न वाजवता वर जा. हसावंसं वाटलंच, तर आधी माझ्या पाठीवरून बोट फिरवून बघा. पिना गंजल्या आहेत. बोथट झालेल्या नाहीत.