खडकाजवळचा जुनिपर

"आंबा घातलाय त्यात," प्रेबेन म्हणाला. "आणि किंचित वेलदोडा. आधी नुसता वास घे."

मिक्केलने वास घेतला नाही. ग्लासातलं ते पिवळं, गढूळ प्रकरण त्याने उजेडासमोर धरून पाहिलं. याला बियर म्हणायचं तर भांडी विसळलेल्या पाण्यालाही म्हणायला हरकत नव्हती. पण तो काम घेऊन आला होता, आणि काम घेऊन आलेल्या माणसाला समोरचा देईल ते प्यावंच लागतं. त्याने डोळे मिटून एका दमात ग्लास रिकामा केला.

"कशी आहे?"

"ओली आहे," मिक्केल म्हणाला.

प्रेबेन खो खो हसला. त्याला ती गंमत वाटली. बर्गेनच्या लोकांचं हेच मिक्केलच्या डोक्यात जायचं. त्यांचा धड अपमानही करता येत नाही.

हा प्रेबेन तिकडे बर्गेन शहरात चष्मे विकायचा आणि सुट्टीला इथे व्होसच्या डोंगरात येऊन बियर बनवायचा. बनवायचा म्हणजे काय, तर एका चकचकीत स्टीलच्या पिंपात हाताला लागेल ते ढकलायचा. रासबेरी, कोको, ज्येष्ठमध. एकदा तर काकडी. सबंध उतारावर असलीच मंडळी घरं बांधून बसली होती. बर्फ पडलं की यांना स्वतःच्या दारापर्यंत गाडी नेता यायची नाही. मग नगरपालिकेची बर्फ काढायची गाडी चालवणाऱ्या मिक्केलला लांबूनच हात करायचे, जणू काही तो यांचा मावसभाऊ. मिक्केलही हात हलवायचा, आणि जाता जाता त्यांच्या फाटकासमोर बर्फाचा एक चांगला ढीग सोडून द्यायचा.

हा उतार त्यांना विकला होता तो मिक्केलनेच. पण ती गोष्ट तो स्वतःला फारशी आठवू देत नसे. नवा ट्रॅक्टर आला होता, न्हाणीघरात गरम फरशी आली होती. मेंढ्यांना खालची कुरणं पुरत होती. उतारावर होतं काय? खडक आणि जुनिपरची काटेरी झुडपं.

तो जुनिपरच नडला. व्होसमध्ये घरची बियर साध्या पाण्यात करत नाहीत. जुनिपरच्या फांद्या तांब्याच्या हंड्यात उकळायच्या आणि त्या तांबूस पाण्यात जव भिजवायचे. ज्याच्या रानातला जुनिपर, त्याच्या घरची चव. मिक्केलच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वरच्या मोठ्या खडकाजवळच्या झुडपाच्या फांद्या येत. घरं बांधताना यंत्रांनी बाकीचा जुनिपर मुळासकट उपटला. खडकाजवळचं ते एक झुडूप तेवढं वाचलं, आणि प्रेबेनच्या अंगणात गेलं.

तेव्हापासून दर नाताळला त्याची आई, ब्रिताबाई, घरच्या बियरचा एक घोट घ्यायची आणि वाडगा खाली ठेवायची. बोलायची नाही. ब्रिताबाई शिव्या देतात तोवर बरं असतं, हे सगळ्या दरीला माहीत होतं. आता ती अठ्ठ्याऐंशीची झाली होती आणि या शरद ऋतूत डॉक्टरने तिच्या हृदयाबद्दल जे सांगितलं ते मिक्केलने तिला अर्धंच सांगितलं होतं. पुढच्या नाताळची खात्री नव्हती. तिने एकदा, फक्त एकदा, त्याच्या हातची बियर तळापर्यंत प्यावी, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी तो हे आंब्याचं पाणी प्यायला होता.

"मला फांद्या हव्यात," तो म्हणाला.

"कसल्या?"

मिक्केलने खिडकीबाहेर बोट दाखवलं. प्रेबेनने ते झुडूप कापून सोललेल्या बटाट्यासारखं गोल केलं होतं आणि त्यावर लुकलुकणारे दिवे सोडले होते. मिक्केलच्या बापाने ते पाहिलं असतं तर त्याने आधी प्रेबेनला मारलं असतं, आणि मग मिक्केलला.

"बियरसाठी? अरे, घे की! विचारतोस काय? तुझंच झाड आहे."

मिक्केलच्या कानाची पाळी तापली. त्याचं झाड असतं तर तो विचारायला आला असता का?

"फक्त बनवताना मला बघायचंय," प्रेबेन म्हणाला. "खरी जुनी पद्धत. चालेल ना?"

न चालून सांगतो कुणाला.

बनवायच्या दिवशी प्रेबेन रासबेरीची पिशवी घेऊनच उगवला. हंडा उकळत होता. त्या वाफेचा वास नाकात शिरला तेव्हा मिक्केलला एकदम रडूच यायला लागलं होतं. बाप, जुनी भट्टी, ओली लोकरीची टोपी, सगळं त्या वासात होतं. नेमकं तेव्हाच प्रेबेनने पिशवी पुढे केली.

"मूठभर टाकून बघू या? तुझ्या आईला आवडेल बघ."

"माझ्या आईचे दात गेलेत. जीभ शाबूत आहे."

"बरं, अर्धी मूठ?"

"ती पिशवी मेंढ्यांना घाल. त्याही खाणार नाहीत."

मग बियर आंबवायचं विरजण घालायची वेळ आली. आजोबांच्या वेळेपासून जपलेलं ते विरजण घालताना मोठ्याने ओरडावं लागतं, नाहीतर बियर मिळमिळीत होते. प्रेबेन इतक्या जिवाच्या आकांताने ओरडला की गोठ्यातल्या मेंढ्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या.

"पुरे," मिक्केल म्हणाला. "विरजण घाबरून मरेल."

दोन दिवसांनी बियर काढली, तेव्हा रिवाजाप्रमाणे शेजारचा सिगुर्द न बोलावता आला. प्रेबेनही आला, अंगात नवाकोरा स्वेटर घालून, त्यावर डोंगरी नक्षी. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती.

मिक्केलने फडताळातली लाकडी चरवी काढली. तिचं झाकण सैल झालं होतं. या घरात बियर वाढायची चरवी एकच माणूस हातात घेई, ज्याच्या नावावर जमीन तो. शेवटच्या आजारपणात बापाला ती दोन्ही हातांनी धरावी लागे, बियर बाहीवर सांडे, पण त्याने ती कुणाला दिली नव्हती. मिक्केलला ती मिळाली ती बापाला पुरून आल्यानंतर.

त्याने आईचा वाडगा पहिला भरला.

आईने वाडगा नाकाशी नेला. तिथेच धरून ठेवला. मग एक घोट घेतला. मिक्केलचा हात चरवीच्या कानावर घट्ट झाला. वाडगा खाली आला नाही. आई पीत राहिली, सावकाश, गळ्याची हाडं वरखाली होत, आणि शेवटी तिने मान मागे टाकून तळ कोरडा केला.

मिक्केलला वाटलं, झालं. आता काय व्हायचं ते होवो.

"खडकाजवळचा," आई म्हणाली.

"हो, आई."

"मग इतकी वर्षं कुठला पाजत होतास?"

"बोगद्याजवळचा. रस्त्याकडेचा."

"वाटलंच. ट्रकवाले तिथेच उतरतात मुतायला."

सिगुर्दला ठसका लागला. मिक्केलही हसला. आई बोलली होती, तीही असलं बोलली होती. त्याला फार बरं वाटलं.

"कापून आणलास की मागून आणलास?" आईने विचारलं.

मिक्केलचं हसू तोंडावरच राहिलं. "मागून आणला."

आईने मान हलवली. मग खुर्चीतल्या खुर्चीत वळून तिने प्रेबेनकडे पाहिलं. "चांगली झालीय बियर," ती त्याला म्हणाली. "आभारी आहे मी तुझी."

"छे छे, ब्रिताबाई," प्रेबेन गडबडला. "मी नुसत्या फांद्या दिल्या. सगळं मिक्केलने केलं. मी तर रासबेरी घालायला निघालो होतो."

"तुझा जुनिपर, तू काय वाटेल ते घाल. उकळता कुणालाही येतं."

आणि तिने रिकामा वाडगा पुढे केला. मिक्केल चरवी घेऊन तिच्या उजव्या हाताशी उभा होता. वाडगा डावीकडे, प्रेबेनपुढे गेला.

प्रेबेनने वाडग्याकडे पाहिलं, मग मिक्केलकडे. त्याला काही उमगलं नव्हतं. एका म्हातारीला अजून बियर हवी आहे आणि तिचा मुलगा वाढत नाही, एवढंच त्याला दिसत होतं. सिगुर्दला उमगलं होतं. तो आपल्या बुटांकडे बघत बसला. आईचा वाडगा होता तिथेच होता.

मिक्केलने चरवीचं झाकण अंगठ्याने नीट बसवलं. मग टेबलाला वळसा घालून तो प्रेबेनपाशी गेला.

"दोन्ही हातांनी धर," तो म्हणाला. "झाकण सैल आहे."