नकाशी जीभ

भिंगरीला वर्गातला सगळ्यात हलका विषय मिळाला तो तिच्या तोंडाळपणामुळे. दातांच्या कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं आणि प्रत्येकाला एक शोधनिबंध लिहायचा होता. महिन्याभरापूर्वी तिने भर ओपीडीत, रुग्णांसमोर, विभागप्रमुखांशी हुज्जत घातली होती. विषय वाटताना सरांनी इतरांना कर्करोग, मोडलेले जबडे असं भारदस्त काहीबाही दिलं आणि हिच्या पदरात नकाशी जीभ टाकली. या जिभेवर लाल चट्टे उठतात, त्यांना नकाशातल्या देशांसारखी वेडीवाकडी पांढरी किनार असते, आणि ते जागा बदलत राहतात. तिखट-आंबट थोडं झोंबतं, एवढंच. एकाचं दुसऱ्याला होत नाही, औषधही लागत नाही.

"निरुपद्रवी आहे," सर म्हणाले. "तुला झेपेल."

वर्ग फिदीफिदी हसला. भिंगरी तणतणत ग्रंथालयात गेली, जाडजूड पुस्तक उघडलं आणि पहिलाच फोटो बघून गार पडली. ही तर मोठ्या काकूची जीभ होती.

मोठी काकू घरातल्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. गिऱ्हाइकांना शब्दात पकडणारी, काकांना एका वाक्यात गप्प करणारी बाई. पण स्वयंपाकघरात तिचा पेला आणि ताट फळीच्या पार टोकाला, वेगळं. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिची जीभ पाहिली आणि लागणीचा रोग ठरवून टाकला. सासू जाऊन जमाना झाला, तरी पेला तिथेच राहिला. काकूने पोरांचे पापे घेतले नाहीत. का, ते भिंगरीनेही कधी विचारलं नव्हतं, आणि आता त्याचीच तिला जास्त लाज वाटत होती.

त्या संध्याकाळी तिने काकूला जीभ दाखवायला सांगितलं. काकू आधी नाहीच म्हणाली. मग मशीन थांबवून, खिडकीकडे तोंड करून तिने जीभ बाहेर काढली. भिंगरीने नीट बघितलं आणि जे वाचलं होतं ते सगळं सांगितलं.

"म्हणजे मला काही झालेलंच नव्हतं?"

"काही नाही."

काकू रडेल असं भिंगरीला वाटलं. काकू उठली, फळीवरचा आपला पेला केराच्या डब्यात टाकला, आणि टेबलाशी बसलेल्या काकांच्या हातून चहाचा कप काढून घेऊन घोटभर प्यायली. कप परत त्यांच्यापुढे ठेवला.

"प्या," ती म्हणाली.

काकांनी कपाकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं, आणि मुकाट्याने प्यायले.

मग भिंगरी हात धुऊन विषयाच्या मागे लागली. ओपीडीत अशी जीभ दिसली की ती चट्टे तपासायचीच, वर त्या माणसाची हकीकतही विचारायची. एका बसचालकाची जीभ कुणा वैदूने डागली होती. एका शिक्षिकेने आपल्याला कर्करोग झालाय या धास्तीने मुलीचं लग्न उरकून टाकलं होतं. निबंधाचा अर्धा भाग चट्ट्यांचा झाला आणि अर्धा या माणसांचा.

सरांनी दुसऱ्या अर्ध्यावर सरळ काट मारली. या गप्पा आहेत, कुठलंही नियतकालिक त्या छापणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात ते खोटं बोलत नव्हते. हा भाग काढ, मगच निबंध परिषदेला पाठवायला सही मिळेल, असं त्यांनी बजावलं.

"सर, चट्टे निरुपद्रवी आहेत," भिंगरी म्हणाली. "पण ते काय आहेत हे कुणी सांगितलं नाही म्हणून एका माणसाची जीभ भाजली. हे काढलं तर मग मी शोधलं काय?"

सरांनी सही केली नाही. वर्गातले बाकीचे परिषदेला गेले, सामूहिक फोटो काढून आले. भिंगरीला जेमतेम पास होण्यापुरते गुण मिळाले. आई म्हणाली, थोडं नमतं घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं. काकूने शिवता शिवता वर बघितलं आणि जाऊबाईंना सांगितलं की पुरे झालं नमतं घेणं या घरात.

ओपीडीच्या डॉक्टरबाईंनी मात्र तो निबंध मागून वाचला. याचं सोप्या भाषेत एक पान करून दे, रुग्ण बसतात त्या बाकाच्या वर लावू, म्हणाल्या. सोबत एक फोटो हवा होता. भिंगरीने कॅमेरा काकूच्या ओठांजवळ नेला आणि समजावलं की डोळे, नाक काही येणार नाही, कुणी ओळखणार नाही.

"का ओळखणार नाही?" काकूने विचारलं. "मी काय चोरी केलीये? मागे सरक. सगळं तोंड आलं पाहिजे."

तिने केस नीट केले, कपाळावरचा घाम पुसला, मान ताठ केली आणि जीभ बाहेर काढली.

आता ओपीडीच्या भिंतीवर काकू सगळ्या जगाला जीभ दाखवत बसलेली असते. सरांना आपल्या खोलीत जायला तोच रस्ता आहे. पान काढून टाका असं त्यांनी एकदा डॉक्टरबाईंना सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, रुग्ण वाचतात, राहू दे.