डावीकडचं पडणं

मिस जॉर्जीन चिडली की आधी चष्मा काढते, हे मेम्फिसच्या त्या बॅले कंपनीत नव्या पोरींनाही दुसऱ्याच दिवशी कळतं. त्या दुपारी तिने चष्मा काढला, गाणं थांबवलं आणि सहाव्या रांगेतल्या टेबलावरच्या माइकमधून म्हणाली, "ब्रियेल, बाई गं, परत डावीकडे? तुझ्या पायांना कुणी फूस लावलीय का?"

रंगमंचावर ब्रियेल कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. खेळ संध्याकाळी साडेसातला होता. "सॉरी, मिस जॉर्जीन. तीन गिरक्या झाल्या की ती गाणारी बाई श्वास घ्यायला थांबते ना, तिथे अंग आपोआप डावीकडेच जातं."

"मग अंगाला सांग, की हॉलिस ब्रँटने तिथे पाय मागे उचलायला सांगितलाय. पाय मागे, हात पुढे, मान ताठ. पोस्टरवर बघ, चौतीस वर्षं तेच आहे."

बाकीच्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. जॉर्जीनला हसू आलं नाही.

हॉलिसने हा नाच बसवला तो न्हाव्याच्या दुकानात आणि टॅक्सीच्या रेडिओवर वाजणाऱ्या सोल गाण्यांवर, काळ्या वस्तीतल्या रोजच्या गाण्यांवर. असल्या गाण्यांवर बॅले, म्हणून आधी लोकांनी नाकं मुरडली आणि मग तिकिटांसाठी रांगा लावल्या. आता हा नाच काही कुणी वहीत उतरवून ठेवला नव्हता. एकीच्या अंगातून तो दुसरीच्या अंगात जायचा, तिच्यातून तिसरीच्या. हॉलिस गेल्यापासून हे देणं-घेणं जॉर्जीनच्या देखरेखीखाली चालत होतं. कुणी बोटभर इकडचं तिकडे केलं की ती म्हणायची, "हॉलिसचं आहे ते, तुझ्या मावशीचं नाही." पोरी तिला टरकून असत.

"पण हे शिकलीस कुठे?" तिने विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"मिस वर्नेलकडे. लहानपणी ऑरेंज माउंड वस्तीतल्या चर्चच्या तळघरात त्यांचा क्लास होता ना, तिथे. रोज अंग मोकळं करायला आधी हेच. बोटांच्या टोकावरून एकदम डावीकडे कोसळायचं, गुडघ्यावर सावरायचं आणि मागचा पाय उशिरा ओढत आणायचा. आमच्या चर्चमधल्या बायकांच्या अंगात आलं की त्या अश्शाच पडतात." ब्रियेल हसली. "मिस वर्नेल म्हणतात, हे काही खरं नव्हे, औषधांच्या गुंगीत माझ्या डोक्यात शिरलेलं खूळ आहे. पण खूळ छान आहे, म्हणून पोरांना देते."

जॉर्जीनने चष्मा परत घातला. काच पुसायची राहून गेली होती.

"दहा मिनिटं सुट्टी," ती म्हणाली.

तिला सगळं लख्ख आठवत होतं, हीच तर तिची शिक्षा होती. तो एकटीचा नाच हॉलिसने वर्नेल टॅलिफेरोसाठी बसवला होता, वर्नेलच्या अंगावर, वर्नेलच्या आईच्या चर्चमधून उचललेल्या त्या पडण्यासकट. तोही बंद दाराआड; तिसरी फक्त जॉर्जीन, वेळ पडली तर वर्नेलच्या जागी उभी राहायला म्हणून शिकणारी. पहिल्या प्रयोगाला चार दिवस उरले आणि वर्नेलच्या पायाचं हाड मोडलं. भूमिका जॉर्जीनकडे आली. सगळं जमलं तिला, ते पडणं तेवढं जमेना. ती पडायची ती पोतं पडावं तशी, आणि पाय नको तिथे लवकर यायचा. शेवटी तिने तिथे पाय मागे उचलला, बॅलेच्या शाळेत शिकवतात तसा, सुबक. "हॉलिसने फोनवर असंच करायला सांगितलंय," असं सगळ्यांना सांगून टाकलं. हॉलिस तेव्हा इस्पितळात होता, दोन महिन्यांत गेलाच. कुणी विचारायला जाणार कुठे?

इथवर एक वेळ ठीक होतं. वय पंचवीस, पडदा वर जायच्या बेतात, माणूस घाबरतं. पण पाच महिन्यांनी वर्नेल पाय बरा करून तालमीला आली, तिसऱ्या गिरकीनंतर डावीकडे कोसळली आणि म्हणाली, "इथे असंच होतं ना गं, जॉर्जी?" तेव्हा जॉर्जीनने अख्ख्या कंपनीसमोर तिच्या खांद्यावर हात ठेवला. फार मायेने ठेवला. आणि म्हणाली, "नव्हतं गं, वर्नेल. त्या दुखण्याच्या गोळ्यांनी तुझ्या डोक्याचा गोंधळ झालाय. जपून हं." वर्नेल सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते बघणं जॉर्जीनच्या डोळ्यांपुढून चौतीस वर्षांत गेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात वर्नेलने कंपनी सोडली.

"जॉर्जी! अगं, म्हातारी झालीस की तू!"

ती दचकली. मधल्या वाटेने वर्नेलच येत होती, हातात चांदीच्या कागदाने झाकलेला ट्रे. संध्याकाळच्या प्रयोगाला कंपनीने जुन्या सगळ्यांना बोलावलं होतं, आणि ही बाई तालमीलाच हजर.

"पीच कॉबलर आणलंय पोरींना, घरी भाजलेलं, गोड. या काटक्यांना कुणी खायला घालतं की नाही इथे?"

"तू येशील असं वाटलं नव्हतं," जॉर्जीन म्हणाली.

"मलाही नव्हतं वाटलं. पण ब्रियेल माझी पोर. लांबून बघेन म्हटलं." वर्नेलने ट्रे टेबलावर ठेवला आणि आवाज खाली आणला. "रंगमंचावर नाही गं चढायची मी, घाबरू नकोस. त्या दिवसानंतर कधी चढलेच नाही. दुसऱ्या दोन कंपन्यांनी बोलावलं होतं, नाही म्हटलं. आपल्याच पायांवर आपला भरवसा नाही, आणि लोकांसमोर जायचं कशाला? पोरं बरी. पोरांसमोर चुकलं तर चालतं."

हसत हसत बोलली ती. तिने शिव्या घातल्या असत्या तर जॉर्जीनला किती बरं वाटलं असतं! आता गप्प राहिलं तरी चालणार होतं. कुणाला कळणार होतं? पोस्टर छापलेलं, तिकिटं संपलेली, हॉलिस मातीत. आज संध्याकाळी ब्रियेलने पाय मागे उचलला की विषय कायमचा मिटला. वर्नेल मात्र स्वतःला खुळी समजत कॉबलरचा रिकामा ट्रे घेऊन घरी जाणार.

"वर्नेल, ते पडणं तुझंच होतं," ती म्हणाली. "हॉलिसने दुसरं काहीच सांगितलं नव्हतं. फोन आलाच नव्हता. मला जमेना, म्हणून मी ते काढून टाकलं."

वर्नेल ट्रेवरचा कागद सोडवत होती. तिचा हात थांबला.

"आणि गोळ्यांचं?"

"मला माहीत होतं की तुझं बरोबर आहे. माहीत असून बोलले."

वर्नेलने कागद परत ट्रेच्या कडांवर दाबून बसवला. मुली सुट्टी संपवून रंगमंचावर जमत होत्या, बुटांच्या टोकांची टकटक चालली होती.

"तेव्हा सगळ्यांसमोर बोलली होतीस," वर्नेल म्हणाली. तिने माइक उचलून जॉर्जीनच्या हातात दिला. "आताही सगळ्यांसमोर बोल."

जॉर्जीन बोलली. आवाज मोठ्या भोंग्यांतून रिकाम्या थिएटरभर गेला आणि तिला तो स्वतःचा वाटेना. फोन, गोळ्या, खांद्यावरचा हात, काही गाळलं नाही. चौतीस वर्षं मी तुम्हाला हॉलिसच्या नावावर माझा भित्रेपणा शिकवला, असंही म्हणाली. मुली जागच्या जागी उभ्या होत्या. ब्रियेल तिच्याकडे बघत नव्हती, वर्नेलकडे बघत होती.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर होतं," वर्नेल म्हणाली. तिने ते कुणाला सांगितलं नाही, नुसतंच म्हटलं. मग खुर्ची पुढे ओढून तीत बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरली.

"वर्नेल, मला माफ..."

"गाणं लाव, जॉर्जी."

जॉर्जीनने गाणं लावलं. तीन गिरक्या झाल्या, गाणारी बाई श्वास घ्यायला थांबली आणि ब्रियेल बोटांच्या टोकावरून डावीकडे कोसळली, गुडघ्यावर सावरली आणि मागचा पाय ओढू लागली. जॉर्जीन सवयीने ठोके मोजत होती. तिला वाटलं, बरोबर आहे, अगदी बरोबर आहे.

"अजून उशिरा, पोरी," वर्नेल शेजारून ओरडली. तिचा आवाज फुटला होता, पण तिने तो आवरला नाही. "घाई कसली त्या पायाला? मी चौतीस वर्षं थांबले, तो एक ठोका थांबेल की!"