मानेत की दंडात

उजव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या बाजूला, मी वीस ठिकाणी सुई टेकवली. फुईला चार ठिकाणी कळलं. मनगट वर उचललं गेलं शून्य अंश.

फुई म्हणजे माझी आत्या, भिकुबाई. दोंडाईच्याजवळ कडब्याच्या गाडीवरून पडली. दंडाचं हाड मोडलं, मानेलाही मार बसला. हाड जुळलं, पण पंजा लोंबताच राहिला. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "नस दंडात दुखावली असावी. पण मानेत मज्जारज्जूला इजा असेल तर अवघड. महिन्याने या."

"भाकरी थापाना हात शे हाऊ," फुई म्हणाली. "सून थापस तं नकाशा बनस."

अवघड का, ते मी एम.एस्सी.ला वाचलं होतं. मज्जारज्जूतल्या तंतूंच्या पांढऱ्या आवरणातच अडवणारी प्रथिनं असतात, असं गेल्या तीन-चार वर्षांत दिसून आलं होतं. वाढणाऱ्या तंतूचं टोक त्यांना लागलं की आक्रसून थांबतं. हातातल्या नसेत मात्र मोडक्या आवरणाचा कचरा लवकर साफ होतो आणि तंतू दिवसाला साधारण मिलिमीटरभर वाढतो. त्याच्या टोकावर बोटाने ठोकलं की पंज्यात मुंग्या येतात. ती जागा खाली सरकली, तर इजा दंडातली.

मी दंडावर ठोकत खाली आले.

"कितला ठोकशी? हाऊ हात शे का दार?" मग एकदम, "उन्यात! मुंग्या उन्यात!"

मुंग्या आल्या तिथे बॉलपेनने खूण केली. आठ दिवसांनी पाहते तर खूण नाही. शेजारच्या बेबाबाईने आंघोळ घालताना घासून काढली होती.

"आता कुठून मोजू, फुई?"

तिने डाव्या हाताने दंडावरचा गोंदलेला विंचू दाखवला, इथून मोज म्हणून. "आठेन मोज. तीस वरीसफाईन घासी रहायनू, जास नही."

त्या दिवशी विंचवाच्या नांगीपासून बारा मिलिमीटर खाली मुंग्या आल्या. पुढच्या आठवड्यात एकोणीस. मी तीनदा मोजलं. महिना भरल्यावर धुळ्याला गेलो. डॉक्टरांनी स्वतः ठोकून पाहिलं आणि ते हसले. "दंडातच आहे. वेळ लागेल, पण हात येईल."

परतीच्या बसमध्ये फुई शिंदखेड्यापर्यंत गाढ झोपली. पडल्यापासून ती अशी झोपली नव्हती.

विंचवापासूनच्या पहिल्या मापानंतर अठ्ठाविसाव्या दिवशी तिला डोळे मिटायला सांगून मी पुन्हा ठोकलं. नांगीपासून एकेचाळीस मिलिमीटर. अठ्ठावीस दिवसांत एकोणतीस.