सासूबाईंच्या वाडग्याची खापरी

शिगेनोबाईंची शवपेटी उंबरठ्याबाहेर पडली आणि रिवाजाप्रमाणे सुनेनं, हात्सुएनं, त्यांचा भाताचा वाडगा दारातल्या दगडावर आपटून फोडला. वाडगा शाबूत राहिला तर गेलेल्या माणसाचा पाय घरातून निघत नाही, हे जपानातल्या आयझूत लहान पोरालाही ठाऊक. तरीही तुकडे टाकून द्यायच्या ऐवजी हात्सुएनं ते गुपचूप बाहीत लपवले.

दहाव्या दिवशी ती गेन्साकुबाबांच्या दारात हजर. ऐंशीचा हा म्हातारा उरुशीच्या झाडाच्या चिकानं फुटकी भांडी सांधायचा आणि सांध्यावर सोनं चढवायचा. हात देवाचा, पण जिभेला हाड नाही.

“हा जोडून द्या, बाबा.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “शिगेनोचा ना? दारात फोडलेला? अक्कल गहाण टाकलीस का, पोरी? ती आत्ता कुठे वाटेला लागलीये. हा जोडला तर अर्ध्यातून परत येईल आणि तुझ्या मिसोच्या कढणाला नावं ठेवत बसेल इथेच!”

हात्सुएला हसू आलं, आणि हसता हसता रडूच फुटलं. “त्यांचे उपकार मानायचे राहून गेले हो.”

मग तिनं कुणालाच न सांगितलेलं सांगितलं. लग्नाला आठ दिवसही झाले नव्हते, तेव्हा सासऱ्यांचा लाडका काळा वाडगा तिच्या हातून पडला. सासरे म्हणजे जमदग्नीचा अवतार. ते धावत आत आले, तर शिगेनोबाई शांतपणे म्हणाल्या, “माझ्या हातून फुटला.” बोलणी त्यांनीच खाल्ली. दोन-तीन महिन्यांनी तसाच वाडगा फडताळात दिसला. नवा आणला असेल, असं हात्सुएनं धरलं. एकतीस वर्षांत सासूबाईंनी त्यावर अवाक्षर काढलं नाही, आणि लाजेपोटी हिनंही नाही.

“नवा?” गेन्साकुबाबा खो खो हसले. “अगं, तोच होता तो! मी सांधला. म्हटलं, झकास सोनं चढवतो. तर तुझी सासू म्हणते, सोनं नको. काळ्यावर काळंच लावा, रेघ दिसता कामा नये. का गं बाई? तर म्हणाली, सोनं रोज चमकणार आणि माझी सून रोज मान खाली घालून वाढणार. नवी पोर आहे, तिला घरात मोकळं वावरू दे.”

तो वाडगा एकतीस वर्षं हात्सुएनं स्वतः घासला होता आणि सांधा तिच्या बोटांनाही कळला नव्हता.

बाबा तुकडे निरखत होते. “हा पुरा जोडणार नाही, मेलो तरी. तुझा स्वतःचा एखादा फुटका आहे का?”

होता. काठाचा तुकडा उडून हरवलेला निळा वाडगा. “दुरुस्त करून घे तो, की मी गेल्यावरच जेवणार आहेस त्यात?” असं सासूबाई वर्षभर टोचत होत्या.

“आण. त्या भगदाडात शिगेनोची ही एक खापरी बसवतो. बाकीच्या खापऱ्या मातीत पुरून टाक, म्हणजे तिची वाट अडणार नाही. पण एकोणपन्नासावा दिवस झाल्याशिवाय हात लावणार नाही. आधी तिला पोचू दे.” मग त्यांनी विचारलं, “आणि रेघ? झाकू?”

“नाही,” हात्सुए म्हणाली. “सोन्याची. मला रोज दिसू दे.”

उरुशीचा चीक ओलसर पेटीत सावकाश वाळतो. वाडगा हातात आला तोवर भाताची कापणी उरकली होती. नव्या तांदळाचा पहिला भात तिनं त्यातच वाढून घेतला. निळ्या काठात सासूबाईंची पांढरी खापरी, तिच्याभोवती सोनं.

“फुटलेलं एवढं मिरवतेस कशाला?” नवरा, शुन्पेई, म्हणाला.

हात्सुए देव्हाऱ्यातल्या सासूबाईंच्या फोटोकडे वळली. “आई,” ती मोठ्यानं म्हणाली, “मामंजींचा वाडगा मी फोडला होता. तुम्ही मला सांभाळून घेतलंत.”

शुन्पेईच्या जेवायच्या काड्या हातातच राहिल्या. हात्सुएनं वाडगा खापरीच्या बाजूनं ओठांना लावला आणि सासूबाईंच्या शिस्तीप्रमाणे शेवटचं शीतसुद्धा सोडलं नाही.