नऊ किलोमीटर

मी एक जुना स्पार्क प्लग आहे, मित्रांनो. बोटाएवढा माझा जीव. तळाशी दोन टोकं आणि त्यांच्यामध्ये नखाच्या जाडीएवढी फट. त्या फटीत ठिणगी पडते, तिने पेट्रोल पेटतं आणि गाडी चालते. सांगायला सोपं आहे, निभावणं मला जमलं नाही.

माझा मालक भाड्याची गाडी चालवायचा. दुकानात तो ‘पेट्रोल वाचवा’ असं लिहिलेल्या प्लगच्या एका चकचकीत डबीला भुलला होता. गॅरेजवाल्या काकांनी त्याचा हात धरला. “आटे बसले म्हणजे प्लग बसला असं नसतं रे. तुझ्या इंजिनाला हाच नंबर लागतो. आणि दरवर्षी मला आणून दाखवायचे.” असा मी माझ्या तीन भावंडांसह त्या गाडीत आलो.

काय दिवस होते ते! गाडी लिटरला सोळा किलोमीटर जायची. पेट्रोलचा काटा कधीच बंद पडला होता, पण मालकाला सोळाचा पाढा तोंडपाठ होता. दर महिन्याला आम्ही शंभर किलोमीटरवर त्याच्या आईकडे जायचो. म्हातारी वळणावरूनच आमचा आवाज ओळखायची आणि चहाचं आधण ठेवायची. मी फुशारून जायचो. वाटायचं, ती मलाच ओळखते.

पुढे चार वर्षं आम्हाला कोणी बाहेर काढलं नाही. काकांनी दोनदा हटकलं. “चालतंय ना काका, चालू द्या,” मालक हसून म्हणाला. माझं टोक झिजलं, फट रुंदावली, ठिणगी चुकू लागली. पेट्रोल न जळताच वाया जायचं आणि मालक त्याचं खापर शहरातल्या गर्दीवर फोडायचा. इंजिन खोकायचं. तेवढीच काय ती माझी हाक.

एका दुपारी त्याच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. “दादा, आईचं काही खरं नाही. सारखी तुलाच विचारतेय. असशील तसा निघ.”

टाकीत त्याच सकाळी मोजून भरलेलं सात लिटर होतं. सात सोळे एकशे बारा. वाटेत पंपावर रांग दिसली. “पुरतंय की,” असं पुटपुटत तो दहा मिनिटं वाचवायला पुढे निघाला. मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं, अरे सोळा नाही, आता तेरा! सात तेरे एक्याण्णव. आईचं घर नऊ किलोमीटरवर असताना गाडी थांबली.

तो गाडी तिथेच टाकून धावत सुटला.

दोन दिवसांनी काका गाडी बघायला आले. बहीण शेजारी उभी होती. “दादा अर्ध्या तासाने चुकला हो. आई येणाऱ्या प्रत्येक गाडीचा कानोसा घेत होती. शेवटपर्यंत म्हणत होती, ‘ही त्याची नाही.’”

काकांनी मला बाहेर काढलं आणि माझं झिजलेलं टोक मालकाला दाखवलं. मालक मला मुठीत धरून लहान मुलासारखा रडला.

आता मी त्याच्या खिडकीत, आईच्या चष्म्याशेजारी असतो. मित्रांनो, तुमच्यासाठी कोणी खोकत खोकत राबत असेल, तर ‘चालतंय ना’ म्हणू नका. एकदा थांबून त्याच्याकडे नीट बघा. गाडीत आता त्याच नंबरचे नवे प्लग आहेत. ती पुन्हा लिटरला सोळा किलोमीटर जाते. फक्त त्या वळणावर तिचा आवाज ओळखणारं आता कोणी नाही.