बारीक विणीचं जाळं

भाचीला गावात सगळे मासेडॉक्टरीण म्हणत, आणि वर हेही ऐकवत की हिच्या हाताखालून गेलेला पेशंट काही घरी परत जात नाही. खरंच होतं ते. खाणीचं सांडपाणी नदीला मिळतं, त्याच्या खालच्या डोहातले मासे दरवर्षी धरायचे, मोजायचे, कापून बघायचे आणि ते पाणी त्यांचं काय करतंय हे सरकारला कळवायचं, हे तिचं काम. मुक्काम मामाकडे. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली. खाणीपायी मासेमारी बंद पडली तसा मुलगाही बायकोपोरांना घेऊन दूर शहरात गेला. जाताना म्हणाला होता, नदी सुधारली की येतो. माणसं जाताना काहीतरी बोलतातच हो, पण मामाने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं.

गेल्या वर्षी भाचीचं जाळं खडकात अडकून फाटलं, तेव्हा मामाने माळ्यावरून स्वतःचं काढून दिलं. त्याच्या घराण्याची रीत अशी, की जाळं विणायचं ते मोठ्या भोकांचं. पिल्लं निसटली पाहिजेत, नाहीतर पुढच्या वर्षी खाणार काय, दगड? त्या जाळ्यात हातभर लांब, चांगले गुबगुबीत मासे आले. मामाला आभाळ ठेंगणं झालं. त्याने काठावरूनच मुलाला फोन लावला, नदी परत आली, ये म्हणून. आणि मुलगाही म्हणाला की पुढच्या सुट्टीत येतो, जमलं तर राहतोच.

भाचीने मात्र प्रयोगशाळेत खवले सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि एकेकावरची वर्तुळं मोजली. झाडाच्या खोडासारखी माशाच्या खवल्यावरही वयाची वर्तुळं असतात. सगळे मासे म्हातारे होते, तरुण एकही नाही. या खाणीच्या पाण्यातलं विष मोठ्या माशाला मारत नव्हतं, ते त्याच्या अंड्यांत उतरून पिल्लं मारत असणार. पण जाळंच मोठ्या भोकांचं, पिल्लं निसटली असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि मामापुढे मूग गिळून बसली. त्यात कपट नव्हतं. तिलाही ते घर भरलेलं हवं होतं. लहानपणीची प्रत्येक सुट्टी तिने तिथे मामेभावाशी भांडण्यात घालवली होती, आणि आता तिथल्या शांततेत तिला घास उतरत नसे.

यंदा ती बारीक विणीचं जाळं घेऊन आली. मामाने आतली खोली झाडून ठेवली होती, गाद्यांना ऊन दाखवलं होतं. मुलाचा निघायचा दिवस ठरला होता.

काठाजवळच्या उथळ पाण्यात, जिथे पिल्लं हमखास असायची, तिथे दोघांनी जाळं ओढलं. शेवाळ आलं, पालापाचोळा आला, खडे आले. मामा म्हणाला, जरा वर ओढू. मग वळणापाशी ओढलं, मग पलीकडच्या काठाला. भाचीचे हात भरून आले, पण पुरे म्हणायची तिची छाती होईना. शेवटी मामानेच जाळं टाकलं आणि खाली बसला.

"पिल्लंच नाहीत," तो म्हणाला. "गेल्या वर्षी माहीत होतं तुला?"

"शंका होती, मामा. खोटी ठरावी म्हणून वर्षभर वाट बघितली."

मामा चिडला नाही. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. हे म्हातारे मासे अजून किती जगतील, एवढंच त्याने विचारलं, आणि फोन काढला. आता हा थाप मारणार, असं भाचीला वाटलं. मारू दे, ती अडवणार नव्हती. पलीकडून मुलगा सामान बांधल्याचं सांगत होता, मागे नातवंडांचा धिंगाणा चालला होता. मामाने तो मनसोक्त ऐकून घेतला.

"अरे, नदी नाही रे सुधारली," तो म्हणाला. "पोरांना घेऊन राहायला येऊ नकोस."

मुलगा लगेच बरं म्हणाला. एका अक्षरानेही का ते विचारलं नाही. पुढच्या वर्षी बघू, असंही म्हणाला, आणि त्याच्या आवाजातलं ओझं उतरलेलं काठावर दोघांनाही ऐकू आलं.

मामाने फोन खिशात ठेवला.

"हे मासे संपले की तुझंही इथलं काम संपेल," तो म्हणाला. "तरी येशील?"

"येईन की," भाची लगेच म्हणाली, आणि आपण किती लगेच म्हणालो, ते तिचं तिलाच ऐकू आलं.